सुचवलेले शब्द

पत्र मीच छापलं होतं, एकशे बारा प्रती:
प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःचं उपकरण वर्गात आणावं.
मुख्याध्यापक मॅकअलिस्टर म्हणाले,
'स्वतःचं' तेवढं ठळक करा.
केलं.

मे महिना. इन्व्हर्कार्गिलला मे म्हणजे
मैदानावर गोठलेलं दव,
बुटांखाली करकरणारं,
आणि पहिल्या तासाला जेमतेम उजाडलेलं.
ट्यूबलाइट लावायच्या आधीच
पंचवीस चेहरे निळे झालेले असतात.
ब्रिनचा लॅपटॉप बापाच्या चारशे गाईंसारखा
धष्टपुष्ट, तुकतुकीत.
मेरेआनाला भावाचा जुना मिळाला,
एक कळ निखळलेली,
तिथे तिनं हिरवा मणी चिकटवलाय.

सव्विसावा तावीता, खिडकीजवळ.
त्याच्या तळहातात फोन. पडद्यावर
पांढऱ्या कपड्यांतलं रविवारचं कुटुंब,
आणि काचेचा तडा बरोबर आजोबांच्या कपाळातून गेलेला.

फोन आईचा.
फोलोले गावाबाहेरच्या मांसाच्या कारखान्यात
रात्रभर कोकरांची हाडं सोडवते.
सकाळी सातला येते,
फोन पोराच्या हातात ठेवते आणि झोपते.
फोनला दोन्ही पाळ्या.

निबंध होता 'आमची नदी'.
मी त्याच्या मागे उभी होते, सहज.
तो अंगठ्यांनी लिहीत होता, आणि प्रत्येक शब्दानंतर
फोन तीन शब्द पुढे करत होता,
पाहुण्यापुढे बशी सरकवावी तसे:
चालेल. माफ करा. मी येते.

घाईत अंगठा कुठेही पडतो.
माझ्याकडे पोचलं ते असं:

ओरेटी डोंगरात उगम पावते आणि माफ करा
खाली येते. काठावर गाई चरतात
म्हणून पाणी पूर्वीसारखं नाही चालेल.
समुद्राजवळ ती रुंद होत जाते हो मी येते

चुका तपासणाऱ्या यंत्रानं
एकच गोष्ट दाखवली: शेवटी पूर्णविराम नाही.
मी सतरा वर्षं लाल शाईनं शिकवलंय.
त्या दिवशी शाईला हात लावला नाही.

मग गुरुवार. साडेअकराच्या सुमारास फोन थरथरला,
बाकाच्या लाकडातून सगळ्यांना कळलं.
नियम माझाच: वाजला की टेबलावर जमा.
तावीतानं वाचलं. माझ्याकडे पाहिलं.
मी भिंतीवरच्या नकाशात काहीतरी शोधू लागले,
पण काच कोपऱ्यातून दिसत होती.

दुपारी दोनला येशील का, दोन माणसं कमी आहेत.

खाली तिन्ही शब्द हजर, हात जोडून.
त्यानं त्यांतला एकही उचलला नाही.
एकेक अक्षर शोधत, उशिरा बोलायला लागलेल्या
मुलासारखा लिहीत गेला:
आ ज   ज म णा र   ना ही.
पाठवलं. फोन उपडा ठेवला,
आणि आपले हात मांडीखाली दाबून बसला.

त्या सबंध यंत्रात त्याचं स्वतःचं
तेवढंच असावं.

शुक्रवारी तो पेन्सिल घेऊन आला.
"आई रागावली," म्हणाला. "दुपारच्या पाळीला जास्त पैसे मिळतात."
मी माझा टॅबलेट देऊ केला.
"नको मिस," म्हणाला, आणि वहीत
इतकं दाबून लिहिलं
की मागच्या पानावर उलटी अक्षरं उमटली.

मंगळवारी फोन परत वर्गात.
हिवाळ्यावर चार ओळी लिहायच्या होत्या.
मी पुन्हा त्याच्या मागे, या वेळी सहज नाही.
'थंडी' असं त्यानं लिहिलं
आणि खाली चौकोन उघडले:
चालेल. मी येते.
तिसऱ्यात, नवखा, नाही.

तावीताचं लक्ष नव्हतं,
तो धुक्याचं स्पेलिंग आठवत होता.

मला मात्र उगीच वाटत राहिलं:
रात्री चहाच्या सुट्टीत, एका हाताचा मोजा काढून,
गारठलेल्या बोटांनी कुणाला उत्तर लिहिताना,
तिलाही तो दिसला असेल का?