अर्धा ठोका उशिरा

डेटनच्या पश्चिमेला, टायरच्या बंद दुकानात
पोरांनी स्टुडिओ थाटलाय.
भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात,
एकीवर अजून कुणाच्या तरी कॉफीचा डाग.
टेपचं यंत्र त्यांच्या बापांच्या वयाचं,
पण ते त्याला असं जपतात
जशा मी बेचाळीस वर्षं इस्पितळाच्या चादरी धुतल्या,
डाग कुठून आला ते न विचारता.

मला खुर्ची दिली. पाणी दिलं, कोमट, गळ्यासाठी.
"मिस व्हर्लीन" म्हणतात. एकेरीवर कुणी येत नाही.

ड्रमवर टोर्बेन, डेन्मार्कचा.
माझी तबकडी त्याला कुठल्याशा तळघरात सापडली,
माझ्या पहिल्या गाडीला पडले तेवढे पैसे मोजले म्हणे.
तीनशेच निघाल्या होत्या.
त्यातल्या दोनशे मिस्टर पेटिफोर्डच्या बुटांच्या दुकानात
पॉलिशच्या डब्यांमागे ओल लागून गेल्या.
दुसरं कडवं मला आठवेना.
टोर्बेननं सांगितलं. ओरखड्यांसकट पाठ आहे त्याला.

मग सुरू झालं.
गिटार कोंबडीनं दाणे टिपावेत तशी,
बास खालच्या मजल्यावर कुणी जड माणूस
झोप न येऊन फिरावा तसा,
आणि समेवर सगळ्यांचा पाय एकदम.
समेला यायचं, बाकी वेळ उंडारायचं,
एवढंच तर होतं आमचं शास्त्र.
गुडघा दुखायचा थांबला. खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या कडव्याला क्वियानाचं ट्रम्पेट
अर्धा ठोका उशिरा आलं.
मी हात वर केला.

"चुकलं नाही," टोर्बेन म्हणाला, "तबकडीत तसंच आहे.
चार आठवडे घासलंय तेवढंच.
त्या जागेसाठी लोक जीव टाकतात, मिस व्हर्लीन."

जागा.
एकाहत्तर साल, बुधवार.
क्लीओफसनं ट्रम्पेट ओठाला लावलं
आणि दार उघडलं.
दारात त्याची आई,
बुधवारी डोक्यावर रविवारची हॅट,
हातात सरकारी पाकीट.
लढाईवर बोलावणं.
श्वास तिथं अडकला.
पुन्हा वाजवायला टेप उरली नव्हती.

गेला. परतही आला.
ओठ शाबूत होते, पण फुंकर मारली नाही कधी.
पुढं टपालखात्यात लागला.
लोकांच्या दारात पाकिटं टाकत फिरला जन्मभर,
कधी बेल वाजवली नाही त्यानं.

कुणी बोललं नाही.
टेप तेवढी फिरत राहिली, आमचा गप्पपणा गोळा करत.
क्वियानानं ट्रम्पेटमधली थुंकी झटकली.
"मग वेळेवर वाजवू का?"

"नको बाई. उशिराच ये.
पण मोजून नको.
आधी एकदा दाराकडं बघ."

तिनं स्टूल फिरवलं.
टोर्बेननं काठ्या आपटल्या, एक, दोन,
आणि आम्ही निघालो.
पहिलं कडवं. दुसरं, त्यानं दिलेलं.
तिसऱ्याच्या तोंडाशी खरंच दार ढकललं कुणी.
पिझ्झावाला पोरगा,
पावसानं निथळत,
आत यावं की नाही ते न कळून उभा,
हातात पावती.