हातचा

टोलेडोहून आलेल्या गिऱ्हाइकाने खिशातून घडीचा कागद काढला
आणि बॉनेट उघडायच्या आत विचारलं, "इंजिन किती?"

चारशे एक घनइंच, म्हटलं. आठ सिलिंडर.
तीनशे पंचवीस घोडे, पण एकदम जुंपू नका,
मार्चमधे त्यांचीही हाडं आखडलेली असतात.

बॉनेट वर गेलं. एअर क्लीनरच्या गोल झाकणावर
ठसठशीत चारशे पंचेचाळीस.
"मग हे काय?" खोटं पकडल्यासारखा हसला.

अहो, ते आकारमान नाही. तो पीळ.
टॉर्क. किती जोराने पिरगाळतं, तो आकडा.
ब्यूइकवाल्यांनी पोट नाही मोजून दाखवलं, मनगट दाखवलं.

थर्मन टॉलिव्हर, माझा बाप.
अठ्ठावीस वर्षं फ्लिंटच्या इंजिन कारखान्यात, रात्रपाळी.
याचे व्हॉल्व्ह बारके, उभे, फळीत ठोकल्यासारखे,
म्हणून सगळे म्हणायचे नेलहेड, खिळ्याचं डोकं.
तो आयुष्यभर ते खिळे बसवत राहिला
दुसऱ्यांच्या रविवारांसाठी.
मग एकाहत्तर साली एका दातांच्या डॉक्टरच्या विधवेने
तळातून गंजलेली ही त्रेसष्टची रिव्हिएरा
चारशे डॉलरला फुंकून टाकली.
आईने दोन महिने अबोला धरला.
मग एका रविवारी चर्चला निघताना पुढे येऊन बसली,
पर्स मांडीवर, मान ताठ,
जशी काही गाडी तिच्या माहेरची.

"लांबी?"
दोनशे आठ इंच. गॅरेजचं दार त्यामुळेच लागत नाही.
"गिअरबॉक्स?"
डायनाफ्लो. बदलल्याचा धक्काच नाही, सायीवरून बोट फिरावं तसं.
"पेट्रोल किती खाते?"
जेवायला बसलेल्याला असं विचारतात का?

त्याने लिहून घेतलं. काय लिहिलं कोण जाणे.

मला अंक बापाने शिकवले.
एक, दोन, सात, आठ,
चार, पाच, सहा, तीन.
ठिणगी या क्रमाने पडते.
शाळेत बाई म्हणाल्या मोज, मी मोजलं,
आणि तासभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.
घरी रडले तर म्हणाला, बाईंचं बरोबर आहे, लुएला,
फक्त त्यांच्या क्रमाने गाडी गल्लीच्या बाहेर जायची नाही.
डाव्या हाताची करंगळी त्याने कारखान्याला दिली होती.
बेरीज करताना त्या रिकाम्या जागी बोट टेकवायचा,
म्हणायचा, हा हातचा. हा विसरायचा नाही.

चावी फिरवली. दुसऱ्या खेपेला उठली.
गिऱ्हाईक खूश, "काय आवाज आहे!"
मी ऐकत होते. एक, दोन, सात, आठ,
मग पाऊल चुकल्यासारखं काहीतरी.

सांगावं का? पैसे मोजून होईपर्यंत
गप्प बसले असते तर याला समजलंही नसतं.

थांबा, म्हटलं. एक सिलिंडर मेलाय.
जाड मोजे चढवले, एकेक वायर उपसून पाहिली.
जी काढली की इंजिन लंगडतं, ती जिवंत.
जी काढूनही काही फरक पडत नाही, तिथे मढं.
साधी परीक्षा आहे.
कारखाना पाडला त्या वर्षी मला हीच आठवत राहिली.
तेव्हा या रस्त्यावरची घरं एकामागून एक लंगडली,
म्हणजे कारखाना जिवंत होता.
हे तेव्हा कागदावर कुणी लिहून घेतलं नाही.

चौथा निघाला.
"मग दोनशे कमी करा," तो म्हणाला. तसा हक्कच होता त्याचा.

करते. किंवा प्लग बदलते, मग नाही करत.
दहा मिनिटांचं काम.
जागा अडचणीची आहे, ही टॉर्च धरा.
तिथे नाही, आत, खाली.
हलवू नका हो.
कधी कुणासाठी धरली नाहीत वाटतं?