वकीलपत्र

तासगावच्या कोर्टात आठ वर्षं
मी मगदूम वकिलांची तारीख मागते.
"सीनियर सांगलीला आहेत, साहेब,
मुदत मिळावी."
झोपेतही बिनचूक येतं हे वाक्य.

अब्बा विचारतात, काय केलंस आज?
तारीख मागितली.
मिळाली?
मिळाली.
मग ते पुन्हा गादीच्या टाक्यांकडे वळतात,
तोंडाला रुमाल, भुवयांवर कापूस.

वर्गातली चित्रलेखा मॅजिस्ट्रेट झाली, चामोर्शीला.
म्हणते, इथं बोलायला कुणी नाही,
आणि असलं तरी बोलायचं नाही.
सुहास पुण्यात कंपनीचे करार तपासतो;
शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये,
आमच्यात ती म्हण त्यानं एकट्यानं पाळली.
बजरंगनं काळा कोट खुंटीला लावला
आणि सावळजला बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज काढलं.
त्याच्या नोटिसा मीच लिहिते. फुकट.

परीक्षा मीही दिली, दोनदा.
मुलाखतीत विचारलं, न्यायाधीशच का व्हायचंय?
खरं उत्तर होतं, बसायला खुर्ची मिळते.
ते दिलं नाही.
जे दिलं ते त्यांनी सकाळपासून चाळीस वेळा ऐकलं असावं.

परवा झेरॉक्सच्या टपरीपाशी
मांजर्ड्याच्या फुलाबाई डुबुले उभ्या.
दीर म्हणतो, खरेदीखतावर सही हिचीच.
"मला सही येतच नाही, बाई. अंगठा येतो."
मी सवयीनं म्हटलं, सीनियर सांगलीला आहेत.
"मोठ्या वकिलाकडं आलेच नाही मी.
तुझ्या बापानं माझ्या लेकीच्या लग्नात गादी शिवली,
बारा वर्षं झाली, कुठं गोळा नाही झाली.
म्हणलं, पोरगीबी तसलीच असंल."

वकीलपत्राचा कोरा कागद.
जिथं मगदूमांचं नाव लिहायला हात बसलाय
तिथं 'त' काढताना पेन अडखळलं.
तस्लीम नदाफ.
बाईंनी अंगठा उठवला,
उरलेली शाई केसांना पुसली,
पदराच्या गाठीतले दोनशे दिले. बाकीचे नंतर.

रात्री बाहेरच्या खोलीत पिंजणयंत्र चालू.
दडपून ढेकूळ झालेला जुना कापूस
आत जातो, आणि उडतच बाहेर येतो.
मी खतातली ओळ न् ओळ पिंजत बसलेली.
यंत्र थांबलं.
"उद्या तारीखच मागणार?"
नाही. मूळ कागद मागणार.
अब्बा जरा वेळ बघत राहिले.
"मग मोठा दिवा लाव की," म्हणाले,
आणि नाकातला कापूस शिंकरायला मोरीवर गेले.