केसभर

भुलेश्वरात जिन्याखाली माझं दुकान.
देवळाचे टोकन, क्रिकेटची पदकं, रबरी शिक्के.
इस्त्रीच्या शर्टातले एक गृहस्थ आले,
रुमालात एक शिवराई.
"शाळेत बक्षीस द्यायचंय. हुबेहूब हवं."
कुठली शाळा, मी विचारलं नाही.

'शिव'मधला व कोरताना
छिन्नी केसभर घसरली.
राहू दिलं.

पुढचं ऐकीव:
चिंच, नवसागर, म्हशीचं मूत,
मग कुंडीतल्या मातीत एकवीस दिवस,
की झाली तीनशे वर्षं.

काल पेपरात जिवीबेन,
फोर्टच्या फुटपाथवर चादर अंथरणारी.
तोंडावर पदर, पुढ्यात पंचनाम्याची नाणी.
मी भिंग लावलं.
फोटो दाणेदार, तरी
प्रत्येक व ला तीच जखम.

कुठून आणलीस, हवालदाराने विचारलं म्हणे.
शेठ देतात, म्हणाली.
कुठला शेठ, ते कुणी लिहून घेतलं नाही.

ठसे तेव्हाच नेले त्यांनी.
शिशातला पहिला छाप
माझ्या खणात, तेलकट फडक्यात.

संध्याकाळी दूध घ्यायला गेलो,
दहाचं नाणं पुढे केलं.
उलटंपालटं करून त्याने परत दिलं.
"ये नहीं चलता."

खरं होतं ते.
मी वाद घातला नाही.