हात लावू नये

एचआरनं यादीत नाव घातलं म्हणून गेलो.
शनिवारची सेकंड शिफ्ट माफ,
वाळूजहून कंपनीची बस, प्रत्येकी एक पाण्याची बाटली,
गळ्यात पट्टा: डिझाइन महोत्सव, पाहुणे.

बंद सूतगिरणीत भरला होता.
पत्रे तेच. भिंती नव्यानं पांढऱ्या,
आणि कबुतरांना मज्जाव.

पहिल्याच दालनात एक खुर्ची, जिच्यावर बसता येत नाही.
सुदाम वाकळे म्हणाला, "मग हिला खुर्ची का म्हणायलेत?"
घोडके मॅडमनी त्याला कोपरानं ढोसलं,
पण हसल्या त्याही.
पुढं हिमरूचा तुकडा, मंद दिव्याखाली.
मी तपासणीच्या सवयीनं धागे मोजायला लागलो,
सतरावर सोडून दिलं.

आतल्या दालनात, चौथऱ्यावर,
एक प्लास्टिकची घागर.
निळी. टँकरवरची.
खाली पाटी: रोजच्या वापरातली वस्तू. रचनाकार अज्ञात.

घोडके मॅडम लातूरच्या.
म्हणाल्या, "बूड सपाट आहे ना,
ते आमच्यासाठी.
रात्रभर रांगेत आमच्या जागी हीच उभी राहायची."
मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

मुस्तकीमभाई तोवर वाकून मागची बाजू बघायलेले.
बत्तीस वर्षं साचे कापणारा माणूस,
येत्या मार्चात रिटायर.
"कानाखाली बोट फिरव," मला म्हणाले.
"हात लावू नये, लिहिलंय."
"फिरव तर."

फिरवलं. आतल्या कडेला
तांदळाच्या कणीएवढा उंचवटा.

"कटर घसरला होता माझा. ईदच्या आदल्या रात्री,
चिकलठाण्याच्या शेडमध्ये.
शेठ म्हणाले, राहू दे,
पाणी थोडंच बघायला येतंय.
किती निघाल्या त्या साच्यातून, अल्ला जाणे.
सगळ्यांना आहे तो."

"ओ काका!" गार्ड धावत आला.
मुस्तकीमभाईंनी हात माझ्याआधी मागं घेतला,
खरं तर त्यांनी लावलाच नव्हता.

दाराशी अभिप्रायाची वही होती.
वाकळेनं लिहिलं, खुर्ची आवडली नाही.
मुस्तकीमभाईंनी फक्त तारीख टाकली
आणि सही केली,
ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात करतात तशी,
बारीक, चौकटीत मावेल एवढी.

रात्री घरी आल्यावर मोरीतली घागर उचलली,
कानाखाली बोट घातलं.
गुळगुळीत.
"काय शोधायलाव?" बायको म्हणाली.
काही नाही म्हणालो.
शेजाऱ्यांची बघायची राहिलीय.