कल्ले

थर्माकोलची पेटी मला नवी नाही.
बावीस वर्षं मी तिच्यात बर्फ भरते,
खाली सुरमई, वर सुरमई, मध्ये पुन्हा बर्फ,
आणि दुपारच्या गाडीला लावून देते.
ही पेटी मात्र उलटी आली,
कोल्हापूरहून मालवणला.
आत एक फुगलेली पिशवी, आणि तिच्यात
अंगठ्याएवढा निळा मासा, शेपूट हळदीची,
जिवंत.

दीर म्हणाला, "सातशे रुपयांचो मासो?
आणि तो खावचो पण नाय?"

शमिका हसली नाही. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे,
हसणं तिकडे ओरोसला ठेवून येते.
आधी खोलीतला दिवा घालवला.
पिशवी बंदच, टबात तरंगत ठेवली,
आतली नि बाहेरची ऊब एक होईपर्यंत.
मग मासा त्याच्याच पाण्यासकट बादलीत,
आणि खिडकीच्या गजाला सलाईनची नळी.
थेंब. थेंब. थेंब.
तासभर.
"आई, एकदम नवं पाणी दिलं तर धक्का बसतो."
ठाऊक आहे, म्हटलं.
देवबागहून मी या घरात आले तेव्हा
मला कुणी नळी लावली नव्हती.

समुद्र आमच्या मागच्या दारापासून साठ पावलं.
तरी मीठ पार्सलनं आलं.
गोड्या पाण्यात ढवळून तिनं समुद्र केला,
एक डोळा मिटून नळीतून मापला.
दारातला का नको? तर त्यात डिझेल,
आणि पावसानंतर खाडीचं पाणी मिसळलेलं.
खोटं नाही. मी रोज ते बघते
आणि रोज त्याला समुद्रच म्हणते.

रविवारी ती गेली. भिंतीवर कागद:
महिनाभर मोठ्या टाकीत सोडायचा नाही.
खाणं चिमटीएवढं, उरलं तर काढायचं.
पाईपचा तुकडा हलवू नको, ते त्याचं घर.
अंगावर मिठासारखे दाणे दिसले की फोन.
आणि कल्ले मोज, मिनिटाला किती.

कल्ले!
मला शिकवते.
जन्मभर कल्ले उचलूनच तर दाखवले,
लाल आहेत बघा, सकाळचाच आहे बघा.
आपसूक उघडणारे, मिटणारेही पाहिलेत जाळ्यात,
पण ते मोजत कोण बसतं?

स्टुलावर बसले. साठ, एकसष्ट…
चुकले. पुन्हा पहिल्यापासून.

बुधवारी रात्री दोनला लाईट गेली.
पंप थांबला, बुडबुडे थांबले,
आणि त्या शांततेनंच मला जाग आली.
बॅटरीच्या उजेडात मोजले: शंभर. एकशे दहा.
तो वर येऊन पाण्याच्या सायीला तोंड लावून राहिला.
शमिकाचा फोन बंद.
मी पेला घेतला,
टबातलं पाणी भरलं, वीतभर वरून सोडलं,
भरलं, सोडलं,
दंडाला कळ लागली तरी.

चारला बाबल ट्रॉलरवरून आला,
अंगाला बांगड्याचा वास.
"काय करतंस वयनी?"
काय सांगणार.
तो उंबऱ्यावर टेकला. बराच वेळ बघितलं.
मग म्हणाला, "सर बगू. असा उपसतत नाय."
आणि लागला,
होडीत पाणी भरल्यावर लागतात तसा,
मनगटातून, न थांबता, एक शब्द नाही.
फक्त होडीतलं बाहेर टाकतात,
हा पुन्हा तिथेच टाकत होता.

सव्वासहाला पंप खोकला, सुरू झाला.
बाबल म्हणाला, "जगलो काय?"
मोजले. बहात्तर.
"आजचो दिस," मी म्हटलं.
तो आंघोळ न करताच जाऊन झोपला.

आठला बाजारात पहिल्याच बाईनं
पापलेट उचललं, कल्ल्याखाली बोट घातलं.
"ताजं आहे ना?"
एरवी माझं उत्तर तिच्या प्रश्नाआधी तयार असतं.
दंड ठणकत होता.
आहे, म्हटलं,
आणि भाव रोजच्यापेक्षा वीस रुपये जास्त सांगितला.