दोन बोटं कमी

गार्माय सिस्टर गिनीच्या छावणीतून परतली
तेव्हा दवाखान्याचे खांब तेवढे उभे होते
आणि वऱ्हांड्यात एक बकरी,
तिला पाहूनही न उठलेली.

तिनं मोनरोव्हियाला पत्र लिहिलं.
उत्तर आलं : यादी पाठवा.
यादी पाठवली.
उत्तर आलं : यादी मिळाली.

मग ती गोलेटाभर घरोघर फिरली.
कोणी नेलं ते मी विचारणार नाही, म्हणाली.
अंधार पडला की वऱ्हांड्यात आणून ठेवा.
मी त्या वेळी जेवत असते,
रस्त्याकडे पाठ करून.

पहिल्या रात्री काहीच नाही.
दुसऱ्या रात्री एक स्टीलचा ट्रे,
मिरची वाटून वाटून लाल झालेला.
मग खाटा आल्या, कुणाचे दोन पाय, कुणाचे तीन,
सलाईनचा स्टँड आला, ज्यावर कोंबड्या झोपायच्या,
आणि म्हातारी लोर्पू बाळांचा वजनकाटा डोक्यावर घेऊन
स्वतः आली, भर उजेडात, भांडायच्या तयारीनं.
अकरा वर्षं त्यावर तिनं ताडफळं विकली होती.
काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवतो, बाई.
मापात पाप आहे, पण पोरं जगली त्यावर.
सिस्टर म्हणाली, आता दुसऱ्यांची जगतील.

सेकू लंगडत आला, शर्टात गुंडाळलेला मायक्रोस्कोप घेऊन.
चौदा वर्षांचा होता, कमांडर म्हणाला म्हणून उचललेला.
यातून लांबचा शत्रू दिसतो असं त्याला वाटायचं.
डोळा लावून लावून पाहिलं, सिस्टर,
माझीच पापणी दिसायची.

मी सुतार.
मोडक्या खाटांना पाय लावायचं काम माझं,
रोजचे दोन वाटे तांदूळ.
बाळंतिणीच्या खोलीची चौकट मोजून ती म्हणाली,
याक्पावोलो, इथं दार लागेल.
मी म्हणालो, लाकूड नाही.
म्हणालो आणि रंधा मारत राहिलो,
भुसा नाकातोंडात जाईपर्यंत.

दार माझ्या घराला होतं.
त्याच्यावर पिवळ्या रंगात ३ लिहिलेलं.
गोळ्या सुरू झाल्या त्या आठवड्यात मी ते उचकटलं,
कारण सगळेच काहीतरी उचकटत होते.
पुढच्या पावसाळ्यात न्यामाला कळा लागल्या
आणि गावात दवाखाना नव्हता,
फक्त त्याचं दार होतं.
आम्ही चौघांनी तिला त्याच्यावर घातली.
दोन दिवस सरहद्दीच्या दिशेनं.
दोरी आडवी लावलेल्या प्रत्येक नाक्यावर
पोरं बंदुकीच्या नळीनं तिची चादर उचलून बघत.
परत येताना
चादर कुणीच उचलली नाही.

नंतर मी ते पुन्हा बिजागरीला लावलं.
घराला दार असावं लागतं.

अंधाराची वाट मी पाहिली नाही.
भर दुपारी पाठीवर घेऊन निघालो,
गाव बघत होतं, मीही गावाला बघू दिलं.
सिस्टर जेवत होती. वळली नाही.
चौकटीत बसवलं तर एका बाजूनं दोन बोटं फट.
माझ्या घरात बसावं म्हणून मीच तेव्हा रंधलं होतं.
ती हात धुऊन आली, त्या ३ वर तळवा ठेवला,
काही विचारायचं नाही हा तिचाच नियम,
तिनं पाळला.

जुनी वही कुणाच्या चुलीत गेली, ते कळलं नाही.
नव्या वहीत पहिला आकडा कोणता लिहायचा
याच्यावर ती रात्रभर बसली होती.
शेवटचं नोंदवलेलं बाळ तिला आठवत होतं, ४११७.
मधली जन्मली, मेली, मधली पळाली,
त्यांचं काय.
तिनं बारा पानं कोरी सोडली
आणि तेराव्यावर रेघा मारल्या.

गुरुवारी रबराच्या मळ्याकडून एक बाई आली,
मोटारसायकलवर, नवऱ्याच्या आणि दिराच्या मधे.
मी बाहेर खाटेचा चौथा पाय ठोकत होतो.
पहाटे त्या दोन बोटांच्या फटीतून
आधी कंदिलाचा उजेड आला,
मग रडणं.

काटा तीन किलो शंभर म्हणाला.
सिस्टरनं दोनशे वजा केले, लिहिलं,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,
दार लोटून घे.
गार वारा येतोय.